ट्रेसरचं खुराडं

“कोंबरीला खिरकीतून काय दिसाला पायजे, ते पन लिवलाय काय पुस्तकात?” अल्फान्सोने विचारलं.

ते खरोखरच पुस्तकात लिहिलेलं होतं. खिडकी दक्षिणेकडे असावी, म्हणजे हिवाळ्यातलं ऊन आतपर्यंत पोचतं आणि कोंबड्या आनंदी राहतात, असं त्यात होतं. ‘आनंदी’ या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघसुद्धा मारली होती. वाचनालयाच्या पुस्तकात रेघ मारण्याची माझी ही पहिलीच वेळ.

अल्फान्सोच्या ओट्यावर, टेबलावर माझं ड्रॉइंग पसरलं होतं. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन कोपऱ्यांवर चहाचे कप, तिसऱ्यावर हातोडी आणि चौथ्यावर डॉरिसबाईंच्या चष्म्याचा डबा. डॉरिसबाई खालच्या पायरीवर कोलंबी सोलत बसल्या होत्या आणि सात कोंबड्या त्यांच्याभोवती घुटमळत होत्या.

“दक्षिन म्हंजे कुठं?” डॉरिसबाईंनी विचारलं.

“चर्चच्या बाजूला,” मी म्हणालो.

“मग बरा हाय. कोंबऱ्या तरी चर्चकडं तोंड करतील. हा मानूस तर मासला पन घराकडं तोंड करून बसतो.”

“भूक लागते,” अल्फान्सो म्हणाला, आणि पुन्हा माझ्या ड्रॉइंगवर वाकला.

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीच्या मागे एक भिंत आहे आणि त्या भिंतीला एक फट आहे. फटीतून पलीकडे गेलं की दहा-बारा कौलारू घरं लागतात. ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिश्चनांची जुनी वाडी. आमच्या इमारती उभ्या राहायच्या आधी इथे यांचीच भातशेती होती. मी दुसऱ्या मजल्यावर चाळीस वर्षं राहतो आहे, पण त्या फटीतून पलीकडे गेलो तो निवृत्त झाल्यावर, आणि तेही कावीळ झाली म्हणून.

म्हणजे झालं असं. मी आजारी असताना एका सोमवारी सकाळी आमच्या दाराशी दोन अंडी ठेवलेली सापडली, केळीच्या पानाच्या तुकड्यावर. आम्ही अंडी खात नाही. गोदाने, माझ्या बायकोने, ती फ्रिजमध्ये ठेवली आणि तीन आठवडे रोज दार उघडताना “यांचं काय करायचं?” असं विचारलं. मग दूधवाल्याने सांगितलं की ती डॉरिसबाईंची अंडी. वाडीत किंवा आसपास कुणी आजारी पडलं की सोमवारी त्याच्या दाराशी त्या दोन अंडी ठेवतात. सांगत नाहीत, विचारत नाहीत. माणूस उठून हिंडू लागला की अंडी बंद. त्यांच्या आईची ही रीत होती, आणि लग्न होऊन आल्या तेव्हा आईने बरोबर दिलेल्या कोंबडीच्याच वंशातल्या या कोंबड्या.

आभार मानायला गेलो तर ओट्यावर अल्फान्सो भेटला. आम्ही दोघे वागळे इस्टेटमधल्या एकाच पंपांच्या कारखान्यात तेहेतीस वर्षं होतो, आणि एकमेकांशी एकही शब्द बोललो नव्हतो. तो खाली फिटर. मी वर ड्रॉइंग ऑफिसात.

“तुमी ते चष्मेवाले ट्रेसर ना?” तो म्हणाला होता. “चपला काखेत धरून जिना उतरायचे.”

खरं होतं. चपलांचा आवाज होऊ नये असं मला वाटायचं.

तर, सात कोंबड्या. ते ड्रॉइंग ओट्यावर आलं त्याच्या आदल्या रविवारपर्यंत त्या अकरा होत्या आणि एक कोंबडा होता. दोघं नवराबायको सकाळी मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला गेली, जाताना कोंबड्या खुराड्यात कोंडून गेली, कारण वाडीत कुत्री फार. परत येईपर्यंत मुंगूस आत शिरलं होतं. खुराडं म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि चहूबाजूंनी ती पातळ, षट्कोनी भोकांची जाळी. जाळीची तळाची कड उचकटून मुंगूस आत गेलं. कोंबडा मध्ये पडला असणार, कारण तो दाराशीच सापडला.

डॉरिसबाई रडल्या नाहीत. त्यांनी ठाकुर्लीला बहिणीला, जोॲनला, फोन केला. जोॲनच्या घराभोवती पक्की भिंत आहे, तिच्याही कोंबड्या आहेत. पंधरा दिवसांनी, रविवारी, ती टोपली घेऊन येईल आणि उरलेल्या सातही घेऊन जाईल असं ठरलं.

“मना परत तसा बगाचा नाय,” डॉरिसबाई म्हणाल्या. “माझी गोष्ट संपली.”

मी तेव्हा तिथेच, ओट्याच्या खांबाला टेकून उभा होतो. मी सहसा अशा वेळी काही बोलत नाही. पण सोमवारची ती केळीच्या पानावरची अंडी बंद होणार हे माझ्या मनात आलं, आणि तोंडातून निघून गेलं, “चांगलं खुराडं बांधलं तर?”

“कोन बांधनार?” अल्फान्सो म्हणाला. “मी बांधीन. पन ड्रॉइंग कोन देनार?”

आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

इथे मला थोडं ट्रेसरबद्दल सांगायला हवं. नव्या पिढीला तो काय प्राणी ते माहीत नसेल. इंजिनियर पेन्सिलीने आकृती काढत असे. तिच्यावर पारदर्शक कागद टाकून तीच आकृती शाईने गिरवायची, हे ट्रेसरचं काम. कामावर लागलो त्या पहिल्या दिवशी आमच्या हेड ड्राफ्ट्समननी मला समोर बसवून सांगितलं, “मेहेंदळे, रेघ दिसली की ओढायची. ती तिथे का आहे, हे आपण विचारायचं नसतं.” मी नाही विचारलं. मग कॉम्प्युटर आले, आणि शेवटची आठ वर्षं मी कपाटातून जुनी ड्रॉइंगं काढून देत असे आणि परत आली की जागेवर ठेवत असे. मी स्वतः होऊन काढलेली अशी एकही रेघ त्या कारखान्यात नव्हती.

त्यामुळे घरी येऊन मी जे केलं ते मला येत होतं तेच केलं. वाचनालयातून कुक्कुटपालनावरचं एकमेव जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात सुंदर नकाशे होते. त्यातला सगळ्यात सुंदर निवडला आणि शाईने उतरवून काढला.

“अहो, घरात भिंतीला खिळा ठोकायचा तर तुम्ही वॉचमनला बोलावता,” गोदा म्हणाली.

“मी ठोकणार नाही. अल्फान्सो ठोकणार आहेत.”

“तुम्ही अंडं तरी जवळून बघितलंय का?”

“तीन आठवडे बघितलंय,” मी म्हणालो. ती हसली. ती हसली की मला धीर येतो.

अल्फान्सोने सहा दिवसांत खुराडं उभं केलं. जुन्या सागवानी दारांच्या फळ्या, मानपाड्याच्या भंगारवाल्याकडचे लोखंडी अँगल. माझ्या ड्रॉइंगमध्ये जे होतं ते, जसं होतं तसं. मापात सुताचा फरक नाही. दुहेरी फळ्यांच्या भिंती, मधल्या फटी भुशाने भरलेल्या. वर उतरतं, घट्ट छप्पर. दक्षिणेला काचेची एक छोटी बंद खिडकी. आत भिंतीवर, उंचावर, अंडी घालायचे खोके आणि त्यांच्या खाली बसायची दांडी. जमिनीलगत एक बुटकं दार. बाहेरून ते एखाद्या परदेशी कॅलेंडरवरच्या चित्रासारखं दिसत होतं. वाडीतली माणसं येऊन बघून गेली. कुणीतरी विचारलं की भाड्याने देणार का.

सोमवारी संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या. म्हणजे डॉरिसबाईंनी गुडघ्यांवर बसून, एकेक करून आत ढकलल्या.

मंगळवारी दुपारी मी गेलो तेव्हा त्या परत तशाच गुडघ्यांवर होत्या आणि एकेक कोंबडी बाहेर ओढत होत्या. त्यांना दवाखान्यात जायचं होतं म्हणून तासभर कोंबड्या कोंडल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन. कोंबड्यांच्या चोची उघड्या होत्या, पंख अंगापासून लांब धरलेले, आणि मानेजवळचं कातडं भराभर हलत होतं. एक म्हातारी ठिपक्यांची कोंबडी तर बाहेर आल्यावर तिथेच मातीत बसली आणि डोळे मिटून राहिली. डॉरिसबाईंनी तिच्या डोक्यावर पाणी शिंपडलं.

“श्रीपादभाऊ,” त्या म्हणाल्या, “ह्याच्यात रविवारपरत ठेवल्या तर जोॲनला टोपली नको, परात लागंल. शिजूनच निघतील.”

त्या चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आत डोकं घातलं. भट्टी होती. शिवाय खोक्यांमध्ये सगळीकडे घाण. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्याच नव्हत्या, वरच्या खोक्यांत जाऊन झोपल्या होत्या. ते पुस्तक बर्फ पडणाऱ्या देशातलं होतं. हे मला माहीत होतं; पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. भिंतीत भुसा कशासाठी भरतात हेही मी वाचलं होतं. पण रेघ दिसली आणि मी ती ओढली.

अल्फान्सो ओट्यावर बसून पायाच्या बोटांकडे बघत होता.

“मना वाटला होता,” तो म्हणाला.

“काय?”

“का गरम होईल म्हनून. भुसा भरताना वाटला.”

“मग बोलला का नाहीत?”

“ड्रॉइंगमदे तसा होता.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. आणि मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली, जी मी कुणालाच, अगदी गोदालाही सांगितलेली नव्हती. एका पंपाच्या ड्रॉइंगमध्ये बोल्टची भोकं चुकून उलट्या बाजूला दाखवली होती. मला ते गिरवताना दिसलं होतं. दिसूनही मी शाईने, नीट, गोल गोल, उलट्या बाजूलाच काढली. चाळीस पंपांची बॉडी वाया गेली. मला कुणी काही विचारलं नाही, कारण ट्रेसरला कुणी काही विचारत नसे.

मी ते त्याला सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक झाला होता.

अल्फान्सोने मान खाली घातली. मग त्याचे खांदे हलायला लागले.

“ते चालीस पंप?” तो म्हणाला. “अवो सायब, ती भोकं मीच पारली. पयल्याच भोकाला मना कललं होता. चालीसच्या चालीस पारली.”

“का?”

“ड्रॉइंगमदे तसा होता.”

तो हसत होता, आणि मग मीही हसायला लागलो. इतका की मला ओट्यावर बसावं लागलं. डॉरिसबाई ठिपक्यांच्या कोंबडीला मांडीवर घेऊन आमच्याकडे बघत होत्या.

“दोन शानी मानसं,” त्या कोंबडीला म्हणाल्या. “एकाला दिसतं नि एकाला कलतं. बोलत कोनीच नाय.”

पण घरी आल्यावर हसू गेलं. बुधवारी मी वाडीत गेलो नाही. पुस्तक वाचनालयात परत करून आलो, येताना लांबच्या रस्त्याने आलो. काही माणसांनी फक्त गिरवावं, हेच बरं, असं मी स्वतःला सांगत होतो. मला ते पटतही होतं.

संध्याकाळी पाच वाजता दाराची बेल वाजली. गोदाने दार उघडलं. डॉरिसबाई होत्या. दोन्ही गुडघे आखडलेले, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि दम खात होत्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या आमच्या घरी आल्या होत्या. अंडी ठेवायला येत असतील ते वेगळं.

“तुमी आजारी हाय काय?” त्यांनी मला विचारलं.

“नाही.”

“मग मी अंडी कुनाला ठेवू? आजारी नाय तर चला.”

गोदाने त्यांना बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. त्या दोघी गुडघ्यांवर बोलल्या. मी खुर्चीत बसून राहिलो. शेवटी मी म्हणालो, “डॉरिसबाई, मला कोंबड्यांतलं काही कळत नाही. दुसरं पुस्तक मिळालं तर बघतो.”

“पुस्तक नको,” त्या म्हणाल्या. “कोंबरी बगा. ती सगला सांगते. मी सांगितला असता, पन तुमी मना विचारलाच नाय. इंग्रजीला विचारला.”

“बरोबर आहे त्यांचं,” गोदा आतून म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी अंगणात स्टुलावर बसलो, हातात वही घेऊन, आणि कोंबड्या बघितल्या. दिवसभर. दुपारी गोदाने डबा पाठवला. मी आयुष्यात पुस्तकं सोडून इतका वेळ कशाकडे बघितलं नसेल.

मला दिसलं ते असं. उन्हं कलली की कोंबड्या वर बघायला लागतात. मोरीची भिंत, पपईच्या झाडाची फांदी, जे उंच असेल ते त्यांना झोपायला हवं असतं. म्हणून दांडी सगळ्यांत वर पाहिजे, आणि अंड्यांचे खोके तिच्या खाली. दांड्याही सगळ्या एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या दांडीसाठी त्या भांडतात; मोरीच्या भिंतीवर त्यांनी माझ्यादेखत भांडून दाखवलं. दांडी गोल आणि बारीक नको. चपटी हवी, कडा घासलेली, म्हणजे बसल्यावर पोटाखाली बोटं झाकली जातात. अंडं घालायला मात्र त्या अंधार शोधतात. एक तांबडी कोंबडी दहा वाजता ओट्याखाली गोणपाटाच्या मागे गेली आणि अर्ध्या तासाने ओरडत बाहेर आली. म्हणून खोक्यांना पुढे गोणपाटाचा पडदा. आणि सगळ्यांना वारा हवा होता. भर दुपारी त्या सातही घरामागच्या बोळात जाऊन बसल्या, जिथे खाडीकडचा वारा येतो.

हे डॉरिसबाईंना वाचून दाखवलं. त्या ऐकत गेल्या आणि मान हलवत गेल्या.

“आनि मी?” त्या म्हणाल्या.

“तुम्ही म्हणजे?”

“मना पन आत जावा लागतं. झारलोट कोन करनार, पोप?”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या पायरीवरून उठताना खांबाला धरून उठत होत्या. मी त्यांनाही दिवसभर तसाच बघत होतो, पण वहीत लिहिलं नव्हतं. मी विचारलं, हात सहज कुठवर जातो. त्यांनी कंबरेपाशी हात धरला. मी फूटपट्टीने मोजलं: चौतीस इंच. त्या रात्री जेवायच्या आधी मी ड्रॉइंग केलं. समोर गिरवायला काही नव्हतं. कोऱ्या कागदावर पहिली रेघ ओढायला मला वीस मिनिटं लागली, पण नंतर बाकीच्या आल्या.

शुक्रवारी सकाळी अल्फान्सोने ते ड्रॉइंग उचलून उन्हात धरलं. बराच वेळ बघितलं.

“सगली भिंत कापाची?” त्याने विचारलं.

“दोन भिंती. वरचा दीड फूट. छपराच्या खाली नुसती जाळी राहील. भुसा काढून टाका. आणि सगळं खुराडं जमिनीपासून दोन फूट वर घ्या, पायांवर.”

“जाली ती पातलवाली?”

“नाही. वेल्ड केलेली, अर्ध्या इंचाची. आणि ती पायांभोवतीही उभी लावायची, पार जमिनीपर्यंत, आणि खाली जमिनीतही घालायची. खुराड्याच्या चारी बाजूंनी हातभर, जमिनीत आडवी पुरायची. मुंगूस उभ्या जाळीच्या कडेशी उकरतं. उकरलं की खाली जाळी लागेल. मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.”

हे मी इतक्या ठामपणे बोललो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. मग लगेच शंका आली. “म्हणजे, सुचत नसावं,” मी म्हणालो.

“कोपऱ्यात सही नाय,” अल्फान्सो म्हणाला.

कोपऱ्यात मी सवयीने चार चौकोन आखले होते. डिझाइन, ट्रेस, तपासणी, मंजुरी. ट्रेसच्या चौकोनात माझी सही होती. बाकीचे रिकामे.

“ते राहू द्या.”

“राहू द्या कसा? डिझाइन कुनी केला? नाव नाय तर मी कापनार नाय. उद्या चुकला तर मी कुनाच्या नावानं बोंबलू?”

तो हातात करवत घेऊन खरोखरच थांबला होता. मी पेन काढलं. सही जरा वाकडी आली. तपासणीच्या चौकोनात डॉरिसबाईंनी कोलंबीच्या हाताने फुली मारली. मंजुरी रिकामीच राहिली.

शुक्रवार आणि शनिवार आम्ही काम केलं. आम्ही म्हणजे मीही. मी फळ्या धरल्या, जाळी ताणून धरली, चर खणला. एकदा अल्फान्सो मध्येच थांबला, आणि मला वाटलं काहीतरी बिघडलं.

“हा खालचा ट्रे,” तो म्हणाला. “तुमी दाखवलाय तसा बाहेर ओढला तर दाराला अरतो.”

मी बघितलं. खरंच अडत होता.

“मग सांगितलंत म्हणून बरं झालं,” मी म्हणालो.

“सांगाला शिकतो आता,” तो म्हणाला. आम्ही ट्रे दुसऱ्या बाजूने केला. दांडीखालची घाण त्यात पडते आणि डॉरिसबाई तो खणासारखा बाहेर ओढून ती झाडाला खत म्हणून टाकतात, न वाकता. मोठं दार चौतीस इंचांवर. खोक्यांना बाहेरून उघडणारं झाकण, म्हणजे अंड्यांसाठी आत जायला नको. कडी दोन हालचालींची, आधी वर, मग बाजूला. आणि कोंबड्यांना चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी.

पण ते खुराडं पूर्वीइतकं देखणं राहिलं नाही. कापलेल्या भिंती, जोडलेले पाय. कॅलेंडरवर कुणी छापलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी कुणी ढकललं नाही. सहा वाजून गेल्यावर ठिपक्यांची म्हातारी फळीपाशी गेली. मान तिरकी करून तिने वर बघितलं. एक पाय ठेवला. काढला. परत ठेवला. मग चढून आत गेली, आणि तिच्या मागोमाग बाकीच्या. आत पंखांची थोडी फडफड, थोडी कुरकुर. मग शांत.

“तांबरी मधे बसली,” डॉरिसबाई जाळीतून बघत हळूच म्हणाल्या. “ती नेहमी मधे बसते. कुठं पन न्या.” पण त्यांनी जोॲनला फोन करून येऊ नको असं सांगितलं नाही. “उद्या मास हाय,” त्या मला म्हणाल्या. “बगू.”

“मी येऊन बसतो इथे. तुम्ही जाऊन या.”

“तुमी बसलात तर मुंगूस कशाला येईल? आनि दर रविवारी बसाल काय? नको. कोंडून जानार. राहिल्या तर राहिल्या.”

रविवारी सकाळी मी आठ वाजता वर्तमानपत्र उघडलं आणि साडेआठला ते त्याच पानावर होतं. गोदा म्हणाली, “जाऊन या.” मी म्हणालो, जाणार नाही असं मी कबूल केलंय. नऊ वाजता ती म्हणाली, “मास संपली असेल.” मला माहीत होतं की संपली नसेल, पण मी चपला घातल्या.

फटीतून पलीकडे गेलो तर ओट्यावर जोॲन बसली होती. डॉरिसबाईंसारखाच चेहरा, फक्त जास्त गोल. पायाशी झाकणाची मोठी टोपली.

“तुमी श्रीपादभाऊ,” ती म्हणाली. “डॉरिसनं सांगितला. बसा. मी आत्ताच आली. मागं गेली नाय, मना धीर नाय.”

मलाही नव्हता. पण ती बाई माझ्याकडे बघत होती, म्हणून मी गेलो.

खुराड्याच्या मागच्या बाजूला माती उकरलेली होती. चांगली ताजी, ओली माती, मागे फेकलेली. उभ्या जाळीच्या अगदी कडेला वीतभर खड्डा, आणि त्याच्या तळाशी जाळी. शेजारी दुसरा खड्डा, त्याच्याही तळाशी जाळी. तिसरा कोपऱ्यात, अर्धवट सोडलेला. मागे सरकून कुठेच उकरलं नव्हतं. मी त्या खड्ड्यांपाशी उकिडवा बसलो. आतून आवाज येत होता, पण माझ्या कानांवर माझा विश्वास नव्हता, आणि मला जाळीतून आत बघवत नव्हतं.

डॉरिसबाई चर्चच्या साडीतच आल्या. मागून अल्फान्सो, आणि त्यांच्या आडोशाने जोॲन. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी माती बघितली. मग कडी वर केली, बाजूला सारली, दार उघडलं.

पहिली तांबडी आली, आणि आल्या आल्या भांडायला लागली, आम्ही उशीर केला म्हणून असावं. मग काळी. मग दोन बदामी, एकदमच, फळीवर एकमेकींना ढकलत. मग आणखी दोन. सहा. आम्ही चौघे त्या दाराकडे बघत उभे राहिलो. सातवी आली नाही.

“ठिपक्यांची,” अल्फान्सो म्हणाला.

मंगळवारी उन्हात डोळे मिटून बसलेली ती म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर आली. डॉरिसबाई बाजूने गेल्या आणि त्यांनी खोक्यांचं झाकण उचललं. लगेच हात मागे घेतला.

“टोचली मना,” त्या म्हणाल्या. आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मला क्षणभर कळलंच नाही, ते हसणं होतं. “जोॲन, ये, बग. खुडूक बसली.”

कोंबडी अंडी उबवायला बसतात तशी, अंगाची सगळी पिसं फुगवून खोक्यात पसरली होती. दुप्पट आकाराची दिसत होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि घशातून कुरकुरली.

“दोन वरसं बसली नव्हती,” डॉरिसबाई म्हणाल्या. “मना वाटला, हिचा झाला आता. भीती असली का कोंबरी खुडूक बसत नाय.”

“आता ही माझ्याकडं कशी येनार?” जोॲन म्हणाली. “खुडूक कोंबरी कोन हलवतं? नि बाकीच्या नेऊन हिला एकटी ठेवनार?”

डॉरिसबाईंनी बाकीच्या सहांकडे वळून बघितलं.

“तुजा कोंबरा गेला, माझा चांगला हाय,” जोॲन म्हणाली. “अंडी पाठवते उद्या. अकरा ठेव हिच्या खाली.”

“नऊ,” डॉरिसबाई म्हणाल्या. “म्हातारी हाय. नऊच झाकंल.”

“अकरा.”

“नऊ गं.”

त्या तशाच वाद घालत ओट्याकडे गेल्या, चहाची तयारी करायला. अल्फान्सोने फावडं आणलं आणि खड्डे बुजवायला लागला. मी झाकणापाशीच उभा होतो. ते बंद करायचं होतं, पण कसं बंद करावं म्हणजे तिला त्रास होणार नाही, हे मला कळत नव्हतं.

“हात घाला खाली,” अल्फान्सो म्हणाला.

“कुठे?”

“तिच्या खाली. पोटाखाली. बगा काय ते.”

मी हात पुढे केला. तिने मनगटावर एकदा जोरात टोचलं. मी हात काढला नाही. हळूहळू, पिसांमधून, आत नेला. तिथे पिसं संपतात आणि नुसतं कातडं असतं, हे मला माहीत नव्हतं. तिथे ती इतकी गरम होती की मी दचकलो. तिने माझ्याकडे तिरक्या डोळ्याने बघितलं, थोडी हलली, आणि मग माझा हात अंड्यासारखा पोटाखाली ओढून घेऊन बसली.

ओट्यावरून चहा झाला अशी हाक आली. अल्फान्सो गेला. मी म्हणालो, येतो, आणि तसाच उभा राहिलो.